तेजाबात टाकलेला पैसा

द्रौपदाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. साडेपाचच्या सुमारास महापालिकेचे झाडूवाले जळगावच्या सराफ बाजारात येतात. त्यांच्या आधी तिला गल्ली झाडायची असते. झाडूवाले कचरा टाकून देण्यासाठी झाडतात, ती घरी नेण्यासाठी झाडते. सोनाराकडे दिवसभर कानस चालते, कपडे झटकले जातात, हात धुतले जातात. त्यातला डोळ्याला न दिसणारा कण पायरीवर, गटारात, फरशीच्या फटीत जाऊन बसतो. तो कण धुळीतून वेगळा काढणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. द्रौपदाबाई आणि तिचा नवरा हिलाल झारेकरी आहेत.

मी त्यांचा शेजारी. दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा उतरवण्याच्या कामावर माझी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर जळगावात दोन खोल्या घेतल्या. पाळीच्या सवयीनं मला चारलाच जाग येते, त्यामुळं आमची दारं एकाच वेळी उघडतात.

काम करणारा माणूस मी कमरेवरून ओळखतो. मातीची पाटी उचलताना द्रौपदाबाई कमरेतून वाकत नाही. गुडघ्यात बसते, पाटी मांडीला टेकवते आणि मग उठते. दीपनगरला हे शिकवायला मुकादम असायचा, तरी निम्मे लोक पाठ धरून घरी जायचे. हिला कोणी शिकवलं नाही.

घरी आणलेली माती ती पाण्यात हलवून हलवून सोडते. हलकी माती वाहून जाते, खाली काळी जड रेती राहते. त्या रेतीत पारा चोळायचा. पारा सोन्याला धरतो. तो जाळून उडवला की गोळी उरते, पण तिच्यात सोन्याबरोबर तांबं आणि चांदीही असते. मग गोळी तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, टाकायची. तेजाब तांबं खातं, चांदीही खातं, सोन्याला हात लावत नाही. शेवटी त्या उरलेल्या तेजाबात तांब्याचा एखादा तुकडा सोडायचा, म्हणजे विरघळलेली चांदी राखेसारखी खाली बसते. ही शेवटची पायरी आळशी झारेकरी गाळतात. द्रौपदाबाईनं कधी गाळली नाही.

गेल्या काही वर्षांत सोन्याचा भाव आकाशाला गेला. लोकांना वाटतं, झारेकऱ्यांची चांदी झाली असेल. झालं उलटं. भाव वाढला तसे सराफ धूळ जपू लागले. दुकानात गुळगुळीत फरशी आली, धूळ ओढणारं यंत्र आलं, हात धुतलेलं पाणीही गाळून ठेवू लागले. सोनं महाग झालं आणि गटारात पडायचं थांबलं. पूर्वी एका गल्लीत घर चालायचं, आता पाच गल्ल्या झाडून चहा-साखर सुटते.

त्यात हिलाल पडला. पारा जाळायचं आणि तेजाबाचं काम जन्मभर त्यानं बंद खोलीत केलं. धूर बाहेर गेला की शेजारी तक्रार करतात म्हणून खिडकी लावून घ्यायचा. मार्च महिन्यात एका सकाळी पायरी चढताना तो बसला तो उठलाच नाही. दवाखान्यात नाकाला नळी लावली. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक झाली आहेत, आता जन्मभर ऑक्सिजन लागेल. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तरच सोडता येईल.

मशीन एका संस्थेकडून वापरायला फुकट मिळणार होतं. पण अट होती. मशीन विजेवर चालतं. उन्हाळ्यात आमच्या वस्तीत वीज रोज जाते, आणि मशीन बंद पडलं तर हिलालला पाव तासही निघणार नाही. म्हणून घरात इन्व्हर्टर आणि बॅटरी पाहिजे. संस्थेची मुलगी घर बघून गेली. चांगली होती बिचारी. म्हणाली, "मावशी, आखाजीपर्यंत तुमच्यासाठी मशीन राखून ठेवते. पुढं नाही ठेवता येणार, रांगेत माणसं आहेत."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात दिवाळीइतकाच मोठा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. हिलालनं तेवढंच धरलं. आम्ही भेटायला गेलो की नळीमागून म्हणायचा, "आखाजीले माले घर ली चाल. आठे पंखा मना डोकावर नही, त्या म्हतारावर शे."

"त्या म्हताराले सांगू का, खाट बदल म्हनीसन?" द्रौपदाबाई विचारायची.

"नको. तो मनापेक्षा जास्त खोकस."

त्याच दिवसांत सराफ बाजारातली एक जुनी पेढी पाडायला काढली. पेढी पाडली की तिची जमीन झारेकऱ्यांसाठी शेतासारखी असते. पिढ्यान्‌पिढ्या सोनार जिथं बसले, जिथं शेगडी होती, तिथल्या मातीत कण मुरलेले असतात. द्रौपदाबाईनं कानातलं मोडलं आणि ती माती घेतली. खुरप्यानं वरचा थर काढला, मग कुंचल्यानं फटी झाडल्या. पोती तिनं नीट वेगळी ठेवली. सोनाराच्या बैठकीखालची, शेगडीजवळची, भिंतीकडेची आणि उंबऱ्याखालची.

उंबऱ्याखालच्या मातीत तिला नाणं सापडलं.

आमच्याकडे घर बांधताना उंबऱ्याखाली तांब्याचा पैसा ठेवतात. तो बहुधा ढब्बू पैसा असतो. हे नाणं त्याहून जाड होतं, कडा वाकड्यातिकड्या, वर शेवाळासारखा हिरवा थर. त्या थरात वळणावळणाची अक्षरं उठलेली होती. मराठी नव्हती.

"भाऊ, दखा बरं. काय शे हाई?"

मी हातात घेतलं. जड होतं. मला काही कळलं नाही. शेजारची पुनम धावत आली. तिच्या फोनवर जुन्या नाण्यांचे व्हिडिओ सतत चालू असतात. एका व्हिडिओत कोणी माणूस असलंच नाणं दाखवून लाखाची बोली सांगत होता. पुनमनं तिथंच नंबर लावला. पलीकडचा गोड बोलला आणि नोंदणीसाठी आधी पैसे पाठवा म्हणाला. द्रौपदाबाईनं फोन हातात घेतला.

"भाऊ, मी सोनं इकाले जास तं सराफ माले पैसा देस. मी त्याले नही देत. तू कसा सराफ शे?"

पलीकडून फोन बंद झाला. आम्ही हसलो. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

पण तिच्या मनात नाणं बसलं. मी म्हटलं, धुळ्याला माझा साडू राहतो, त्याच्या ओळखीचे रुपचंद नाना आहेत. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. मोडीत आलेल्या भांड्यांबरोबर लोक जुनी नाणी घालतात, त्यातून त्यांना नाणी जमवायचा नाद लागला. आता बाहेरगावचे संग्राहक त्यांच्याकडं येतात. पुनमनं फोटो काढला, मी साडूमार्फत पाठवला. संध्याकाळी नानांचा निरोप आला. नाणं चांगलं वाटतं. पण फोटोत अक्षरं पुरती दिसत नाहीत. अक्षरं आणि सन दिसला तर बोलता येईल. नाणंच घेऊन या.

निरोप मी तिला जसाच्या तसा वाचून दाखवला. तिनं दोनदा विचारलं, "अक्षरं दिसत नही म्हने?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धुळ्याची एसटी धरली. तिचं महिलांचं अर्धं तिकीट, माझं म्हाताऱ्याचं अर्धं.

कंडक्टर म्हणाला, "नवराबायको दोन्ही अर्धे! एसटी चालायची कशी?"

"नवरा नही रे बाबा, शेजारी शे," द्रौपदाबाई म्हणाली. "नवरा दवाखानामा शे. तो बरा व्हयना का त्याले पुरं तिकीट काढीसन आनसू."

एरंडोल गेल्यावर तिनं कमरेची पिशवी सोडली, फडक्याची गाठ उकलली आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. नव्या हंड्यासारखं लाल चकचकीत होतं. हिरवा थर कुठंच नव्हता.

"पहाटे उठी धोयं," ती म्हणाली. "आते दिसतीन अक्षरं."

मी चष्मा लावून पाहिलं. अक्षरं कुठं दिसत होती, कुठं नव्हती. मला वाटलं, माझ्या डोळ्यांचा दोष. गाडी हलत होती. चांगलं केलंस म्हणालो. तिनं पुन्हा फडक्यात बांधलं. पारोळ्याला मी चहा घेऊ म्हटलं तर ती उतरली नाही, पिशवीवर हात ठेवून बसून राहिली.

रुपचंद नाना दुकानात पितळी घंगाळाच्या मागं बसले होते. पासष्टीचा माणूस, कानावर केस, आवाज हळू. त्यांनी मऊ कापड पसरलं आणि भिंग बाहेर काढलं. द्रौपदाबाईनं नाणं कापडावर ठेवलं.

नानांनी हात लावला नाही. त्यांनी फोनवरचा फोटो पाहिला, नाण्याकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"अक्का, हे दुसरं आहे का?"

"नही नाना, तेच शे."

"काय लावलं याला?"

"तेजाब. जराखं. पानी टाकीसन. आम्हना धंदाच तो शे. तुम्हीच सांगं ना, अक्षरं दिसत नही."

नानांनी भिंग बाजूला ठेवलं.  बाहेर कोणीतरी कळशीचा भाव विचारत होतं, त्याला पोरानं थांबवून ठेवलं.

"तिरपा उजेड धरून फोटो काढा, असं सांगायला पाहिजे होतं मी," नाना म्हणाले. "तुम्ही तेजाबवाले आहात हे मला कुठं माहीत! अक्का, तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हता. जमिनीत एवढी वर्षं राहिलं की वरचं तांबं बदलतं. त्याचाच थर होतो आणि अक्षरं त्या थरातच राहतात. थर गेला की अक्षरं गेली. खाली आता नुसती चकती आहे."

मी विचारलं, "कुठलं होतं नाणं?"

नानांनी फोटो मोठा केला. बोटानं एक वळण दाखवलं. "खात्रीनं सांगत नाही. खात्रीसाठीच बोलावलं होतं. पण मला फारूकी वाटलं. शिवराई रोज येते माझ्याकडे, ढब्बू तर पोत्यानं येतात. त्याला भाव नाही. फारूकी म्हणजे आपल्या खानदेशाचे सुलतान. आधी तापीकाठी थाळनेरला, मग बऱ्हाणपूरला. अकबरानं अशीरगड घेतला तिथं त्यांचं राज्य संपलं. म्हणजे चारशे वर्षं झाली. त्यांची तांब्याची नाणी फार थोडी बघायला मिळतात. माझ्या उभ्या आयुष्यात मी दोन पाहिली."

"ते उंबऱ्याखाली कसं आलं?"

"पेढी बांधणाऱ्याला ते कुठं नांगरटीत सापडलं असेल. जुना जाड पैसा, लक्ष्मी म्हणून ठेवला. त्याला तरी काय माहीत."

द्रौपदाबाई नाण्याकडंच बघत होती. तिनं विचारलं, "कितलानं व्हतं?"

"अक्का, ते आता विचारू नका."

"सांगा नाना. माले समजू द्या."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "अक्षरं शाबूत असती, सन लागला असता, तर पुण्याचा एक माणूस आहे. वीस-बावीस हजार त्यानं इथं बसल्या बसल्या दिले असते."

"म्हनजे बॅटरीसुद्धा," ती म्हणाली.

नानांना कळलं नाही. मला कळलं. इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून दुकानदारानं तेवढेच सांगितले होते.

"आनि आते?"

"आता तांब्याचं वजन. मोडीत दहा-बारा रुपये."

नानांनी चहा मागवला. तिनं घेतला नाही. परतीचं भाडं देऊ केलं, ते मात्र तिनं घेतलं. अर्ध्या तिकिटाचेच घेतले, वरचे परत केले. नाणं फडक्यात बांधलं आणि उठली.

परतीच्या गाडीनं पारोळं सोडलं. मग तिनं पिशवीत हात घातला, नाणं बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "भाऊ, तेजाबमा टाकं तवय तांबडा धूर निंघना. दरोज निंघस. माले वाटनं, घान जाई ऱ्हायनी." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मी त्यासले काय सांगू?"

ती हिलालचं विचारत होती. दीपनगरला चुकीचा खटका दाबला की कोळशाचा पट्टा थांबायचा, मुकादम शिव्या द्यायचा आणि पट्टा पुन्हा सुरू व्हायचा. इथं पुन्हा सुरू करायला काही नव्हतं.

आम्ही स्टँडवरून थेट दवाखान्यात गेलो. हिलालनं तिचा चेहरा पाहिला आणि नळी सरकवली.

"काय व्हयनं? खोटं निंघनं का?"

"खरं व्हतं." ती खाटेच्या कडेला बसली. "मी तेजाबमा टाकं."

त्याची छाती भात्यासारखी हलत होती. मग एकेक शब्द काढत म्हणाला, "आनि दुसरं कोठे टाकती? मी बी तेजाबमाच टाकतू. जन्मभर तेच करं आपन. तांबं जाऊ दे, सोनं ऱ्हाऊ दे."

"सोनं कोठे शे त्यामा?"

"नही ना. म्हनीसन तं बठ्ठं गयं." तो हसायला गेला आणि खोकला लागला. परिचारिकेनं येऊन नळी बसवली, आम्हाला बाहेर काढलं. दारातून त्यानं हातानं खूण केली. बोटं चोळून दाखवली. माती, असं म्हणत होता.

माती होतीच. नाण्याच्या आशेनं बरीचशी तिनं तशीच ठेवली होती. शेगडीजवळचं पोतं तिनं आधी धुतलं होतं, त्यात फारसं निघालं नव्हतं. सोनाराच्या बैठकीखालची आणि भिंतीकडेची पोती शिल्लक होती. आखाजी आठवड्यावर आली होती.

त्या आठवड्यात मी तिचं काम बघितलं. पहाटे गल्ली झाडायचं तिनं सोडलं नाही. सातपर्यंत परत, मग माती. उन्हाचा पारा पंचेचाळीसला होता. पाणी दिवसाआड येत होतं, म्हणून धुतलेलं पाणी ती निवळून पुन्हा वापरत होती. निवळायला वेळ लागतो, तेवढ्यात ती दुसरी पाटी चाळायची. मी कॅनमधून पाणी वाहिलं. माझ्या वयाला जमेल तेवढंच वाहिलं, फार नाही. एकदा मी म्हणालो, ही पाटी झाली की, काही नाही त्यात. तिनं पाटी माझ्या हातातून घेतली आणि आणखी तीनदा पाणी फिरवलं. तळाशी सुईच्या टोकाएवढा पिवळा ठिपका राहिला.

"भाऊ, तुम्हना कोयसा मोठा मोठा राहे," ती म्हणाली. "तुम्हले घाई."

पारा जाळायचं काम तिनं अंगणात केलं, तोंडाला ओलं फडकं बांधून. शेजाऱ्यांपैकी कोणी काही बोललं नाही. पुनमनं स्वतःच्या पोरांना घरात ओढून दार लावून घेतलं, एवढंच. गोळी निघाली ती वाटाण्याहून लहान. तेजाबात टाकल्यावर तांबडा धूर उठला. ती मागं सरली नाही, वाऱ्याची दिशा बघून बाजूला झाली. तळाशी जे राहिलं ते तपकिरी, मातीसारखं. तापवल्यावर पिवळं झालं.

मग चांदी खाली बसवायची पायरी आली. तांब्याचा तुकडा पाहिजे होता. तिनं कमरेच्या पिशवीतून फडकं काढलं.

मी म्हणालो, "राहू द्या ते. दुसरा तुकडा देतो, माझ्याकडे तार आहे. आठवण म्हणून राहू द्या."

"कसानी आठवन?" ती म्हणाली आणि नाणं भांड्यात सोडलं.

हिरव्या-निळ्या पाण्यात ते तळाला गेलं. थोड्या वेळानं त्याच्यावर करडी पूड धरू लागली. कुठल्या तरी सुलतानानं पाडलेलं, कधीकाळी हातोहात फिरलेलं, शतकानुशतकं मातीत राहिलेलं, उंबऱ्याखाली पुरलेलं नाणं. संध्याकाळपर्यंत त्याची कड कागदासारखी झाली. तिनं पूड गाळली, धुतली, वाळवली आणि पुडीत बांधली. उरलेली पातळ चकती तिनं तिच्या तांब्याच्या तुकड्यांच्या डब्यात टाकली, पुढच्या वेळेसाठी.

सराफानं सोनं कसोटीवर घासलं, दोनदा घासलं. चांदीची पुडीही घेतली. त्या पैशांत नवी बॅटरी आणि कुणीतरी वापरून काढलेला इन्व्हर्टर आला. इन्व्हर्टरवाल्यानं तारा जोडल्या, भिंतीला खिळा मारला आणि जाताना सांगितलं, "फक्त मशीन लावा. पंखा लावू नका. मशीनवर अडीच तास निघतील. बॅटरी जुनी होईल तसे कमी."

आखाजीच्या दिवशी हिलाल घरी आला. चार जणांनी खुर्चीवर बसवून आणला. उंबऱ्यात तो म्हणाला, "थांबा, पाय लावू द्या." पाय टेकवला, मग आत नेला. मशीन घरघरू लागलं. पुनमनं पुरणपोळी आणून दिली. त्यानं बोटभर तूप चाटलं.

दुपारी दीडला वीज गेली. वस्तीतले पंखे थांबले, लोक बाहेर येऊन बसले. मशीनचा आवाज क्षणभर बदलला आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला. हिलालनं डोळे उघडले, भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा लाल दिवा बघितला, पुन्हा मिटले. द्रौपदाबाई एका हातानं त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होती. तिची नजर घड्याळावर होती.

त्या उन्हाळ्यातल्या तिच्या सगळ्या कष्टांनी एवढंच विकत घेतलं. वीज गेल्यावरचे अडीच तास.

सव्वातीन वाजले होते. वीज अजून आली नव्हती.